शेपटाच्या एर्लेनबाखचा बंब

जर्मन बोलणाऱ्या मुलखात एर्लेनबाख, म्हणजे आल्डरच्या झाडांचा ओढा, या नावाची अठरा गावं आहेत. निदान संमेलनाच्या यादीत तरी तेवढीच आहेत. ओढा दिसला आणि त्याच्या काठी आल्डरची चार झाडं दिसली, की आमच्या पूर्वजांना दुसरं नाव सुचतच नसे. डोकं खाजवायचे आणि तेच ठेवून मोकळे व्हायचे. दर ऑगस्टमध्ये ही अठरा गावं एका ठिकाणी जमतात, बिअर पितात, बॅंड वाजवतात आणि आपलंच एर्लेनबाख खरं यावर भांडतात.

नाव एकच, म्हणून ओळखायला प्रत्येकाचं टोपणनाव. वीटभट्ट्या आहेत ते विटांचं. पार स्वित्झर्लंडातलं ते तळ्याकाठचं. खारं पाणी निघतं ते मिठाचं. आणि फोगेल्सबेर्गच्या डोंगरात, जिथे मे महिन्यातही हातमोजे लागतात, तिथलं एकशे बारा माणसांचं एर्लेनबाख, ते शेपटाचं. कारण संमेलनाची मिरवणूक निघते ती लोकसंख्येच्या क्रमाने. पुढे विटांचे पाच हजार लोक आणि त्यांचा चाळीस जणांचा बॅंड, मधे बाकीचे, आणि सगळ्यांची धूळ खात, सगळ्यांच्या घोड्यांची लीद चुकवत शेवटी शेपटाचे.

इर्महिल्ड ड्योर याच शेपटाच्या गावातली. वय सत्तेचाळीस, हात पावशेरी पावासारखे फुगीर आणि घट्ट, आणि एकदा एखादी गोष्ट मनात धरली की सोडायची नाही हा स्वभाव. त्या साली, म्हणजे एकोणीसशे सहासष्ट साली, तिने मनात धरला होता गावचा आग विझवायचा बंब.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या जुलैत, सकाळी दहा वाजता, तिच्या कोठारातलं ओलसर गवत आतल्या आत तापून पेटलं. गावातले सगळे पुरुष त्या वेळी चौदा किलोमीटरवरच्या रबराच्या कारखान्यात. बंब बंबघरात. बंबघराला कुलूप. आणि किल्ली? किल्ली गावच्या अग्निशमन दलाच्या नायकाच्या विजारीच्या खिशात, त्याच्याबरोबर कारखान्यात, कारण नियमच तसा होता. हा नायक म्हणजे इर्महिल्डचा नवरा गेर्होल्ड.

बायकांनी कुऱ्हाडीने दार फोडलं, बंब ओढत आणला आणि त्याच्या दांड्यांवर तुटून पडल्या. बंबाने खोकल्यासारखा आवाज काढला, तोटीतून चूळ भरल्याएवढं पाणी थुंकलं आणि गप्प झाला. तो चालवायला त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावाची गाडी चाळीस मिनिटांनी आली, तेव्हा कोठार नव्हतं आणि आतल्या दोन गायी नव्हत्या. त्यातली एक ब्लेस, कपाळावर पांढरा चट्टा असलेली, इर्महिल्डने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिचं ओरडणं इर्महिल्ड विसरली नाही. गेर्होल्ड त्या दिवसापासून किल्लीबद्दल एक अक्षर बोलला नाही. तीही बोलली नाही, पण रोज सकाळी तो विजार चढवताना खिशात किल्ली खणकन वाजायची आणि ती ताटलीकडे बघत राहायची.

मार्चमधल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, जिल्ह्याच्या अग्निशमन दलाचे प्रमुख लोट्झसाहेब गावच्या खानावळीत आले. चकचकीत बटणं, नीट विंचरलेल्या मिशा, काखेत वही. माणूस वाईट नव्हता, पण वहीत जे बसत नाही ते जगात नाही अशी त्यांची समजूत होती.

"दिवसा आग लागली तर या गावात नऊ गडी हजर असतात का?" त्यांनी विचारलं.

गेर्होल्डने मान खाली घातली. "नाही, साहेब."

"मग नियमाप्रमाणे इथे दल चालू ठेवता येत नाही. एक ऑक्टोबरला तुमचा बंब जिल्ह्याच्या संग्रहालयात जाईल. आगीचं शेजारचं गाव बघेल."

"चाळीस मिनिटांनी बघेल," मागून इर्महिल्ड म्हणाली. "राख बघायला येईल. नऊ गडी नाहीत, पण नऊ बाया आहेत इथे. दिवसभर असतात. कुठे जाणार?"

खानावळीत हशा पिकला. लोट्झसाहेबही हसले. "बाई, बंब म्हणजे लोण्याची रवी नव्हे."

"आम्ही चालवून दाखवला तर?"

"कुठे?"

"संमेलनात. बंबाची शर्यत असते ना! सगळ्यांच्या देखत."

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. त्या शर्यतीचे पंच दर वर्षी तेच असत, आणि विटांच्या एर्लेनबाखने ती सलग चार वर्षं जिंकलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. बिअर चढली होती म्हणा, की समोर बाई आहे म्हणून म्हणा, ते बोलून गेले, "पहिल्या या. पहिल्या आलात तर नऊच्या नऊ नावं माझ्या हाताने वहीत लिहीन आणि बंब इथेच राहील."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" इर्महिल्डने वळून विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं होतं. लोट्झसाहेबांना आपण काय बोललो ते जरा उशिरा उमगलं, पण शब्द मागे घेणाऱ्यातले ते नव्हते.

नऊ जणी गोळा करायला दोन दिवस लागले. टपाल वाटणारी गेर्लिंडे सगळ्यांत आधी आली. तिचे पाय घोड्यासारखे होते आणि जीभ त्याहून चपळ. बाकीच्या शेतावरच्या, गोठ्यातल्या, दोन-दोन पोरांच्या आया. सकाळी अकराला, पुरुष कारखान्यात आणि दूध डेअरीत गेलं की, त्या ओढ्यावर बंब घेऊन जायच्या. अठराशे सत्त्याऐंशी सालचा तो बंब म्हणजे लाल रंगाची पेटी, तिच्या दोन्ही बाजूंना लांब आडवे दांडे. चौघी एकीकडे, चौघी दुसरीकडे. एका बाजूने दाबलं की दुसरी वर जाते. नववी तोटीवर, ती इर्महिल्ड.

पहिले सहा आठवडे नुसती फजिती. आठ जणी जिवाच्या आकांताने दांडे खालीवर करायच्या, बंब घरघरायचा, आणि पाण्याची धार कधी आकाशाला तर कधी इर्महिल्डच्याच बुटांवर. शनिवारी पुरुष कुंपणावर बसून बघायचे.

"अगं, आग तिकडे आहे, तिकडे!" एक जण ओरडला.

"तुझ्या तोंडात लागलीय ती आधी विझवते," म्हणत गेर्लिंडेने त्याच्यावर बादलीच ओतली. पण हसू ओसरलं की सगळ्यांचे चेहरे पडायचे. हाताला फोड आले होते. मे संपत आला होता.

अशात एक दिवस डोरेटआजी कडेला येऊन बसली. वय शहात्तर, कमरेत वाकलेली, एक कान पूर्ण बंद आणि दुसरा सोयीप्रमाणे उघडणारा. मांडीवर बटाटे सोलत ती अर्धा तास बघत राहिली आणि मग म्हणाली, "भांडताय कशाला त्याच्याशी?"

"कोण भांडतंय, आजी?" इर्महिल्डने ओल्या हाताने केस मागे सारले.

"तुम्ही. दांडा खाली टेकायच्या आतच वर उचलताय. घास गिळायच्या आत दुसरा कोंबला तर माणूस ठसकेल नाहीतर काय! त्यालाही पाणी गिळायला वेळ द्या की." आजी उठली. "थांबा. मी आले."

ती आली ती राय, म्हणजे तिकडचं गव्हासारखं धान्य, झोडायचा सोटा घेऊन. लांब काठी, तिच्या टोकाला कातडी वादीने लोंबकळणारा आखूड दांडका. मळणीयंत्र गावात येऊन बारा वर्षं झाली होती, पण त्याआधी या सगळ्या जणी हिवाळाभर कोठाराच्या जमिनीवर गोल करून राय झोडत मोठ्या झाल्या होत्या, आणि त्यांना झोडायला शिकवलं होतं याच आजीने. सहा जणींचे सहा सोटे, एकामागून एक. एकीचा ताल चुकला तर शेजारणीचं डोकं फुटायचं, म्हणून कुणाचा चुकत नसे.

आजीने एक फळी जमिनीवर टाकली आणि तिच्यावर सोटा हाणला.

"राय झोड!" धप्. "भुसा सोड!" धप्. "राय झोडला डावीकडच्या खाली. अगदी लाकडाला लाकूड लागेपर्यंत. भुसा सोडला उजवीकडच्या. घाई करील तिला मी हाणीन."

राय झोड. भुसा सोड. सुरुवातीला अडखळल्या, आणि मग हातांना आपोआप आठवलं. कमरेतून वाकणं, खांदे सैल, जोर न लावता वजन टाकणं. बंबाची घरघर थांबली. इर्महिल्डच्या हातातली तोटी एकदम जड झाली, आतून कुणी खांद्याने ढकलावं तशी, आणि ओढ्यापलीकडच्या गवतावर पाणी सरळ, न तुटता, न थरथरता जाऊन पडलं. ती बघतच राहिली. हेच पाणी गेल्या जुलैत हवं होतं. तिला रडू आलं आणि तिने ते पुसलंही नाही. तोंड तसंही ओलंच होतं.

"थांबलात कशाला?" आजी खेकसली. "मळणी संपली का?"

त्यानंतर पुरुषांना ओढ्यावर यायची बंदी झाली. बघायला फक्त गायी.

संमेलन त्या वर्षी विटांच्या एर्लेनबाखात होतं. शेपटाचे तिथे गेले दुधाच्या लॉरीतून. मधे बंब, भोवती नऊ बाया आणि डबे ठेवायच्या पाटावर सोटा धरून आजी. दलाला एक नायक लागतो, तो मोजणीत धरत नाहीत. बायकांनी नायक म्हणून आजीचं नाव दिलं होतं. पुरुष मागून ट्रॅक्टरवर. मिरवणुकीत नेहमीप्रमाणे शेवटी चालले, नेहमीप्रमाणे धूळ खाल्ली. भट्टीच्या आवारात पोचले तेव्हा विटांच्या दलाचा नायक वेंडेलिन क्राफ्ट हात कमरेवर ठेवून उभा होता. भट्टीवर काम करून रुंद झालेला हा गडी बायकांच्या डोक्यावरच्या रुमालांकडे आणि लॉरीकडे बघून हसला.

"काय हो, दूध आणलंत वाटतं?"

"आणलंय ना," गेर्लिंडे म्हणाली. "हरलात की पाजू. रडणाऱ्या पोरांना आम्ही उपाशी नाही ठेवत."

त्याची माणसं त्याच्यावरच हसली. तो लाल झाला.

शर्यत सोपी होती. भट्टीच्या तळ्यातून पाणी ओढायचं. पंधरा पावलांवर एक फळकूट, त्यात तळहाताएवढं भोक. भोकातून पाणी मारून मागचं पिंप भरायचं. पिंप भरलं की आतला तरंगता लाकडी ठोकळा वर येतो आणि त्याला बांधलेला झेंडा फळकुटाच्या वर दिसतो. एका वेळी दोन दलं, आणि सगळ्यांत कमी वेळ ज्याचा तो जिंकला. चिठ्ठ्या निघाल्या. शेवटची जोडी, विटांचं आणि शेपटाचं.

"देवाला पण विनोद कळतो," लोट्झसाहेब हातातल्या घड्याळाला चावी देत म्हणाले.

आठ जोड्या झाल्या. मिठाच्या गावाची दोन मिनिटं चाळीस सेकंद ही वेळ पुढे होती. इर्महिल्डने तोटी हातात घेतली. गर्दीत तिला गेर्होल्ड दिसला. तो हसत नव्हता. दोन्ही हात विजारीच्या खिशांत खुपसून तो नुसता उभा होता.

शिट्टी वाजली.

विटांच्या गड्यांनी दांड्यांवर अशी झडप घातली की बंब जागेवर उडाला. आजीचा सोटा पहिल्यांदा खाली यायच्या आतच त्यांची धार फळकुटावर आदळत होती. पाच हजार माणसं एका आवाजात ओरडली, "एर्लेनबाख! एर्लेनबाख!"

शेपटाच्या दांड्यावरच्या एकीने घाबरून मान वळवली. बंब अडखळला.

"इकडे बघ!" इर्महिल्ड ओरडली. "ऐकतेस ना? आपलंच नाव घेतायत. आपलंच समज आणि दाब!"

ती फस्सकन हसली, आणि तिचे खांदे सैल झाले. राय झोड. भुसा सोड. बंबाने पाणी गिळलं. तोटी जड झाली. इर्महिल्डने ती बगलेत दाबली, एक डोळा मिटला, आणि धार भोकाच्या जरा वर लागली, मग जरा खाली, आणि मग थेट आत. पिंपात पाणी पडल्याचा तो पोकळ आवाज तिने ऐकला आणि त्यानंतर ती जागची हलली नाही.

आता विटांच्या बॅंडने काय करावं? आपल्या गड्यांना जोर चढावा म्हणून चाळीस जणांनी एक मार्च सुरू केला. त्या गावात बॅंडशिवाय पानही हलत नाही. गडी मार्चच्या तालावर दाबू लागले. गडी पेटले हे पाहून बॅंडमास्तर पेटला आणि त्याने ताल वाढवला. ताल वाढला म्हणून गड्यांनी वेग वाढवला, वेग वाढला म्हणून मास्तरने ताल आणखी वाढवला. लोक बेभान. पण दांडा आता निम्म्यापर्यंतसुद्धा खाली जात नव्हता. बंबाला घोट घ्यायला फुरसत मिळेना. त्यांची धार फुटली, थरथरली, फळकूटभर नाचू लागली आणि भोक सोडून सगळीकडे जाऊ लागली.

"हळू! अरे, हळू घ्या!" वेंडेलिन घसा फोडून सांगत होता. ढोलापुढे त्याचं कोण ऐकणार? तो बॅंडकडे धावला. मास्तर पाठमोरा होता.

हाच मार्च शेपटाच्या बायकांच्याही कानांत घुसत होता. पण त्यांचे डोळे सोट्यावर होते, आणि सोटा ज्या हातात होता त्या म्हातारीला बॅंड ऐकूच येत नव्हता. चांगला कान तिने आज सोयीने बंद ठेवला होता की काय, ते तिलाच ठाऊक. ती आपली पन्नास वर्षांपूर्वीच्या कोठारात उभी असल्यासारखी सोटा उचलत होती आणि टाकत होती. ना कमी, ना जास्त.

"राय झोड! भुसा सोड!"

गर्दीतल्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदा कळलं. तो ताल त्यांच्याही हातांत होता. मिठाच्या गावचा एक आजोबा काठी आपटू लागला. मग तळ्याकाठच्या दोघी. मग बाकावर बसलेले सगळे, सोळा गावांचे, पायाने, मुठीने, बिअरच्या मगाने. धप्. धप्. मार्च त्याखाली चेपत गेला. इर्महिल्डला हे काही दिसत नव्हतं. तिच्यासमोर एक काळं भोक होतं, आणि त्याच्या पलीकडे, तिच्या मनात, ब्लेस. यावेळी पाणी पोचत होतं.

मग कुणीतरी किंचाळलं. फळकुटाच्या वर एक ओला, लाल, चुरगळलेला झेंडा हळूच डोकं काढत होता. वर आला. आणखी वर आला. पूर्ण उभा राहिला.

विटांचा झेंडा कुठेच नव्हता.

लोट्झसाहेबांनी घड्याळ दाबलं, बघितलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं. "दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि घसा खाकरून, "दोन मिनिटं अकरा सेकंद. एर्लेनबाख."

"कुठलं?" मागून कुणीतरी ओरडलं, सवयीने. संमेलनात हा प्रश्न दिवसातून शंभरदा विचारला जातो.

आणि त्या दिवशी त्याला उत्तर द्यायची गरज पडली नाही. अठरा गावं उभी राहिली होती आणि एकच नाव ओरडत होती, आणि विटांच्या गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की कुठलं. वेंडेलिन क्राफ्ट घामाने निथळत आला आणि त्याने आपली टोपी काढून गेर्लिंडेपुढे धरली. "दूध द्या बाई. कबूल." तिने खरंच लॉरीतून डबा काढला आणि त्याच्या टोपीतच ओतलं. तो ते प्यायला. माणूस मोठ्या मनाचा होता हे म्हणायलाच हवं.

लोट्झसाहेब वही उघडून बंबाजवळ आले. त्यांनी शब्द पाळला. नऊ नावं स्वतःच्या हाताने लिहिली, प्रत्येकीपुढे हुद्दा लिहिला, आणि मग सोट्यावर हनुवटी टेकून उभ्या असलेल्या आजीपाशी थांबले.

"नायकाचं वय?"

आजीने कानाला हात लावला. "काय म्हणालात?"

"वय, आजी! साठच्या पुढे नोंद होत नाही."

"ऐकू नाही आलं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग झेंड्याकडे पाहिलं, आणि वहीत त्या रकान्यात काहीही न लिहिता पान उलटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मोकळा सोडलेला तो पहिला रकाना.

"आणि बंबघराची किल्ली? ती कुणाकडे राहील, ते लिहावं लागेल."

गेर्होल्ड गर्दीतून पुढे आला. खिशातला हात त्याने बाहेर काढला. किल्ली त्याने एवढी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचे दात उमटले होते. त्याने ती इर्महिल्डच्या ओल्या हातात ठेवली.

"त्या दिवशी ही किल्ली घरी ठेवून गेलो असतो तर," तो म्हणाला. किल्लीबद्दल तो वर्षभरात पहिल्यांदा बोलला होता.

इर्महिल्डने किल्ली मुठीत धरली. ती त्याच्या हाताने कोमट झाली होती. सगळ्या गावांसमोर तिने त्याचं डोकं स्वतःच्या भिजलेल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि क्षणभर धरून ठेवलं.

"दिवसा तुझ्याकडे," तो डोळे पुसत म्हणाला. "रात्री मी असतोच घरी. रात्रीची माझ्याकडे दे."

"रात्रीही माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "तू विजार कुठे टाकतोस ते तुला तरी सकाळी आठवतं का?"

हशा उसळला, आणि त्यात गेर्होल्डचं हसू सगळ्यात मोठं होतं. लोट्झसाहेबांनी लिहिलं: किल्ली, इर्महिल्ड ड्योर, स्वयंपाकघरातला खिळा.

जेवणाच्या तंबूकडे मिरवणूक निघाली तेव्हा जिंकणाऱ्यांनी सगळ्यांच्या पुढे चालायचं, असा रिवाज होता. शेपटाच्या एर्लेनबाखचे लोक सवयीने मागे जाऊन उभे राहिले. वेंडेलिनला त्यांना हाताला धरून पुढे आणावं लागलं. त्यांच्या मागे चाळीस जणांचा बॅंड, त्यामागे सतरा गावं. सगळ्यांच्या पुढे डोरेटआजी, सोटा खांद्यावर, आणि तिच्या शेजारी किल्ली मुठीत घेऊन इर्महिल्ड. समोरचा रस्ता मोकळा होता. धुळीचा एक कणही नव्हता.

"अगं, हळू चाल," इर्महिल्ड गेर्लिंडेला म्हणाली. "असं पुढून चालायला पुन्हा कधी मिळेल?"

"पुढच्या वर्षी," गेर्लिंडे म्हणाली, आणि त्या हळू चालल्या.